झोपलेल्या महापौरांचं चित्र

"नाक हाताला बसेपर्यंत महापौर बदलतो हो!" आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे व्यंगचित्रकार हे वाक्य आठवड्यातून किमान दोनदा म्हणत. म्हणताना डावा डोळा मिटून, अंगठा पुढे धरून समोरच्याचं नाक मापत. माझंही मापलं होतं. "सरळ आहे. काही उपयोगाचं नाही," एवढाच अभिप्राय मिळाला.

त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. एकाच मुदतीत दोघातिघांना महापौरपद वाटून दिलेलं तुम्हीही पाहिलं असेल. नवा चेहरा वाचकांना ओळखू यावा म्हणून हे चित्रातल्या माणसाच्या पोटावर सरळ 'महापौर' असं लिहीत. एका महापौरांनी त्यांना मंडईत गाठलं.

"अहो, माझं पोट एवढं आहे का?"

"नाही हो. पण पद मोठं आहे, मावायला नको?"

निवृत्तीनंतर त्यांनी एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं : शहरातल्या वर्तमानपत्रांनी आजवर महापौरांना कसकसं काढलं, त्याचा इतिहास. मी बँकेतला, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. दर रविवारी सकाळी ते कात्रणं चिकटवत आणि मी क्रमांक, वर्तमानपत्र, चित्रकार, महापौर असे चार रकाने भरत असे. जुन्या चित्रकारांची रेष दिसली की त्यांचा हात थांबे. "बघा, दोन रेघांत माणूस उभा केलाय. मला सात लागल्या असत्या."

एका रविवारी मोजणीत तीनशे बारा भरली, आधी तीनशे तेरा होती. गहाळ कात्रण त्यांच्याच मांडीखाली सापडलं. सभागृहात खुर्चीवर घोरणाऱ्या महापौरबाई आणि बाहेर रिकाम्या हंड्यांची रांग. चित्र त्यांचंच होतं.

"हे लावायचं नाही," ते म्हणाले.

"का?"

"त्या दिवशी मी सभेला गेलोच नव्हतो. वार्ताहरानं फोनवर सांगितलं, खुर्चीवर झोप चाललीय. खुर्चीवर कोण आहे, हे मी विचारलं नाही. उपमहापौर होते."

चित्र गावभर गाजलं. पुढची निवडणूक बाई हरल्या.

"मग इतिहासातून आपली चूक तेवढी वगळायची?" मी विचारलं.

"तुम्ही बँकेतच बरे होतात!" ते उखडले. दोन दिवस जिन्यात भेटूनही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चला, कात्रजला जायचंय. एकट्याला जमणार नाही."

बाईंनी स्वतःच दार उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, पण ताठ. यांनी उंबऱ्यातच कात्रण पुढे केलं.

"ताई, खुर्चीत तुम्ही नव्हतात. मी विचारायला हवं होतं."

"हे मला ठाऊकच आहे की! मी तेव्हा फुटलेल्या जलवाहिनीपाशी गुडघाभर पाण्यात उभी होते." बाईंनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "दुसऱ्या दिवशी कळवलंही होतं. तुमच्या पेपरनं आतल्या पानावर दोन ओळी छापल्या. त्या माझ्या सासूबाईंनीसुद्धा वाचल्या नाहीत."

"फाडून टाकू?"

"फाडून काय होणार? लोकांच्या डोक्यात आहेच ते. लावा. झोपलं कोण होतं ते लिहू नका, ते बिचारे गेले. मी कुठे होते, तेवढं लिहा."

घरी आल्यावर त्यांनी ते लिहायला पूर्ण दुपार घेतली. चार कागद वाया गेले.

प्रदर्शन लागलं तेव्हा ते नव्हते. तीन आठवड्यांपूर्वीच हृदयविकारानं गेले. चित्रं मीच क्रमानं टांगली, तीनशे तेराच्या तीनशे तेरा. त्या चित्रापाशी लोक आधी हसत, मग खालच्या ओळी वाचायला वाकत : 'या वेळी महापौर सभागृहात नव्हत्या. फुटलेल्या जलवाहिनीपाशी पाण्यात उभ्या होत्या. चूक माझी.' खाली सही.

बाई दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आल्या. ओळी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. मग चित्राशेजारी उभ्या राहून मला म्हणाल्या, "एक फोटो काढा." मी मोबाइल धरला. फोटो निघेपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही.