डाव्या हाताच्या अक्षता

"हळद लावून आलात का?" पोलिसांचा मार खाल्लेला माणूस दारात दिसला, की आमच्या वकीलबाई आधी हेच विचारायच्या. आपल्याकडची रीत तुम्हीही पाहिली असेल. लागलं की घरची बाई आधी हळद-चुन्याचा लेप थापणार, दवाखाना चार दिवसांनी. तोवर वळ जातात आणि पुरावाही जातो. मग बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि खो खो हसायच्या. परभणीच्या कोर्टात एवढ्या मोठ्यानं हसणारं दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांचा ज्युनिअर, मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चुडाव्याकडचे एक मामा असेच लेप लावून आले. भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाजारात गाडी लावण्यावरून एका जमादारानं त्यांच्या उजव्या खांद्यावर काठ्या घातल्या होत्या. लग्नघरात विघ्न नको म्हणून ते गप्प बसले. दवाखान्यात गेले ते लग्न उरकल्यावर. बाईंनी सरकारवर भरपाईचा दावा लावला, तर जमादार म्हणाला, आम्ही बोटही लावलं नाही, गडी लग्नानंतर ट्रॅक्टरवरून पडला.

मामांना भरपाईचं काही नव्हतं. लग्नात त्यांनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या म्हणून गंगाखेडचे व्याही रुसले होते. अपशकुनी मामाची भाची म्हणून सासू पोरीला येता-जाता टोमणे मारायची.

"ताई, माझ्यापायी पोरीला लय बोलायलेत," मामा म्हणाले.

बाई ताडकन उठल्या. "डाव्या हातानं टाकल्या? लग्नाचा व्हिडिओ आणा."

तर काय सांगू, भर कोर्टात मंगलाष्टकं वाजली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. भाचीच्या मागं मामा, उजवा हात लोंबतोय, डाव्यानं अक्षता टाकताहेत. बाईंनी व्हिडिओ तिथंच थांबवला आणि जमादाराला शांतपणे विचारलं, "शुभकार्यात डाव्या हातानं अक्षता टाकणारा मामा तुमच्या पाहण्यात आहे का?"

तोही लेकीबाळींचा बाप. खाली बघत "न्हाई" म्हणाला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. हात पोलिसाच्या काठीनंच गेला, असं कोर्टानं लिहिलं. नक्कल हातात पडली तशी बाईंनी मामांना आणि मला एसटीत घातलं आणि थेट गंगाखेड गाठलं. ओसरीवर बसून सासूबाईंना निकाल समजावून सांगितला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणून मामांपुढं ठेवला. मग म्हणाल्या, "दादा, आमचं चुकलं. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

बाई आता संभाजीनगरच्या खंडपीठात काम करतात. त्या गेल्यापासून आमचं कोर्ट अगदीच शहाण्यासारखं वागतं, मला करमत नाही. त्या दिवशीची पंगत तेवढी डोळ्यांपुढं येते. भाची वाढता वाढता रडत होती, मामा तिला "आता कशाला रडायलीस" म्हणत स्वतःच डोळे पुसत होते, आणि बाई मांडी ठोकून तिसरी पोळी मागत होत्या.