आईच्या हाती स्टिअरिंग

डिसेंबरात लोकरीचे कपडे बाहेर काढले की डांबरगोळ्यांच्या त्या वासानं मला साठच्या दशकातला लंडनचा विमानतळ आठवतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कामासाठी वर्षभर तिथं होते आणि नाताळच्या सुट्टीत आई मला घेऊन बंगळूरहून त्यांच्याकडं गेली होती. अण्णा विमानतळावर घ्यायला आले होते आणि तिथूनच फिरायला भाड्याची गाडी घ्यायचं ठरलं होतं. काउंटरवरच्या माणसानं अण्णांकडं लायसन्स मागितलं. अण्णा म्हणाले, "मला येत नाही. या चालवतात." आईनं पर्समधून आपलं लायसन्स काढलं. तिच्या रेशमी साडीकडं आणि डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या स्वेटरकडं बघत तो म्हणाला, "बाहेर बर्फ आहे. आधी आवारात एक फेरी मारून दाखवाल?" ते जमलं नसतं तर सगळी सुट्टी खोलीतच गेली असती. आईनं पदर खोचला. बंगळूरला हेब्बाळच्या तळ्याकाठी चिखलात ती गाडी शिकली होती, पण बर्फ मात्र त्याच दिवशी पहिल्यांदा पाहत होती. "स्वल्प सावकाश," अण्णा आमच्या कन्नडमिश्रित मराठीत पुटपुटले. "सरी, ठीक आहे. तुम्ही दोघं मागं बसा," ती म्हणाली. वळणावर चाक घसरलं, तशी ब्रेक न दाबता तिनं स्टिअरिंग सांभाळलं आणि गाडी दोन गाड्यांच्या मधे नीट आणून लावली. तो माणूस जवळ आला आणि रस्त्यांचा नकाशा अण्णांना न देता खिडकीतून तिच्या हातात देत म्हणाला, "सुट्टी मजेत घालवा, मॅडम." आता माझ्या मुली रोज गाडी चालवतात, कुणी वळूनही बघत नाही. त्या दिवशी मी मात्र मागच्या काचेला नाक लावून बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं आमच्याकडं बघावं म्हणून.