दादाचे किलोमीटर

"टायर घिसके टकला हो गया और चेन को जंग? ये कैसे होता है भाई, कोई मुझे समझाओ!"

उल्हासनगर कॅम्प एकमधला सिंधी सायकलवाला ओरडत होता आणि समोरच्या कापडवाल्यापासून कोपऱ्यातल्या पापडवाल्यापर्यंत अख्खं मार्केट माना काढून ऐकत होतं. दुकानात माझ्या मोठ्या भावाची बॅटरीची सायकल उलटी टांगलेली. मागचं टायर बदलायला म्हणून आम्ही दोघांनी ती टेम्पोत घालून अंबरनाथहून आणली होती. दादा बाहेर स्टुलावर बसला होता. सायकलवाल्याने हाताने पायडल फिरवलं तर ते असं किंचाळलं की पापडवाल्याने कान झाकले. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी भरपूर पळलीय, पण पायडल कोणी मारलेलंच नाही. नुसता हँडलचा ॲक्सिलेटर पिळून पळवलीय.

मी हसलो. मला हसणं भागच होतं, कारण ही सायकल दादाच्या गळ्यात मारली होती मी.

दादा एमआयडीसीत इंजिनिअरिंगच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, शेअर रिक्षात कोंबून घेऊन. शुगर जुनी. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, अंग हलवा, तळपाय रोज आरशात बघा, हयगय केलीत तर पाय जाईल. चालायचं म्हटलं तर गुडघे नको म्हणत, आणि साधी सायकल वाटेतल्या पालेगावच्या चढावर त्याचा जीव काढायची. म्हणून ही बॅटरीची. पायडल आपण मारायचं, चढाला मोटर हात लावते. डॉक्टरही खूश झाले. गुडघ्यावर भार नाही आणि व्यायाम तर होतोय, म्हणाले.

झालं. मला विषय मिळाला. रविवारी वंदना संपली की विहाराच्या पायऱ्यांवर माझं व्याख्यान सुरू. दादाची शुगर इतकी उतरलीय की वहिनीला आता चहात साखर घालून ती वर आणावी लागते. पालेगावच्या चढावर रिक्षावाले दादाचं कॅरिअर धरून वर येतात. कारखान्याच्या वॉचमनने परवा दादाला ओळखलंच नाही, तुमचे वडील रिटायर झाले का म्हणून विचारलं. सायकलच्या बारक्या पडद्यावर किलोमीटर दिसायचे. ते मी दर रविवारी वाचून घ्यायचो आणि सांगताना त्यात थोडे माझे घालायचो.

वर्षभरात आमच्या गल्लीत खिडक्याखिडक्यांतून चार्जरच्या वायरी लोंबायला लागल्या. पोस्टातल्या एका साहेबांचा दमा हलका झाला. शेजारच्या बाईंचं वजन खरंच उतरलं. हे मी न फुगवता सांगतो, कारण त्या ऐकत असतात. लोक सायकल घेण्याआधी दादाला भेटायला यायचे. तो मान हलवायचा. मध्ये त्याचा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा लॅबवाल्याचं मशीन बिघडलंय असा निकाल मीच देऊन टाकला. किलोमीटर खोटे कसे असतील?

तर, कॅम्प एकमध्ये मी दादाकडे वळून म्हणालो, "काय रे दादा, मोटरची शुगर उतरवत होतास काय?"

सायकलवाला खो खो हसला. दादा नाही हसला. तो स्टुलावरून उठला आणि माझ्याकडे चालत आला. चारपाच पावलंच. डाव्या पायातली चप्पल मागे स्टुलापाशीच राहिली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. फरशीवर एका आड एका पावलाला ओले डाग उमटले होते.

सायकलवाल्याचं हसणं थांबलं. त्याने दादाला धरून खाली बसवलं आणि मी चप्पल उचलून आणली. तळातून एक खिळा आरपार वर आलेला होता. नवा नव्हता, घासून गुळगुळीत झाला होता. म्हणजे दादा त्याच्यावर किती दिवस चालत होता कोण जाणे. त्याला विचारलं तर तोही म्हणाला, माहीत नाही. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखाली भोक होतं, भोकाभोवती काळं, आणि वास असा की इथे मला काही वाढवून सांगायची गरज नाही.

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

चार दिवसांनी मी वॉर्डात त्याच्याजवळ बसलो होतो. वहिनी सामान आवरत होती. तिने चपलांचा जोड पिशवीत टाकला, मग एक चप्पल बाहेर काढली, हातात धरून उभी राहिली, आणि ती पुन्हा पिशवीतच टाकली. माझ्याशी ती तेव्हा बोलत नव्हती.

दादा स्वतःहूनच सांगायला लागला. थंडीपासून त्याच्या डाव्या पायाला पायडल लागायचंच नाही. पाय पायडलवर आहे की हवेत, हे खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही. पालेगावच्या वळणावर पाय निसटून एकदा पडलाही होता. त्या दिवसापासून त्याने पायडल सोडलं. पाय नुसते ठेवायचे आणि ॲक्सिलेटर पिळायचा. आरशात तळपाय बघणंही त्याने सोडलं होतं. काय दिसेल याचीच भीती वाटायची, म्हणाला.

"मग सांगायचंस ना दादा," मी म्हणालो. "डॉक्टरला नाही, वहिनीला नाही, निदान मला तरी."

चादर जिथे सपाट झाली होती तिथे तो बघत होता.

"तू सगळ्यांना सांगून बसला होतास," तो म्हणाला.