अण्णांनी शिकवलेली नक्कल

नेवाशाच्या शाळेच्या पटांगणात त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याचा कार्यक्रम होता, आणि पहिल्या रांगेत माझे वडील बसणार होते... हा कार्यक्रमच रद्द व्हावा, असं मला सकाळपासून वाटत होतं. एकाहत्तर सालची गोष्ट. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली.

आमचे हे, म्हणजे वसंतराव, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या बैलगाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असायच्या. तेवढ्या वेळात हे मुकादमापासून शेतकी ऑफिसरपर्यंत सगळ्यांच्या नकला करायचे... गाडीवान हसता हसता आपला नंबर विसरायचे.

मग गणपतीत, गॅदरिंगला, यात्रेत बोलावणी येऊ लागली. आज ज्याला स्टँडअप म्हणतात ना, तेच ते. एक माणूस, एक माईक आणि समोर गाव... आम्ही आपलं 'नकला' म्हणायचो.

सगळ्यात गाजलेली नक्कल होती 'गुरुजी'. पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभे राहिलेले आणि 'अध्यक्ष' या पहिल्याच शब्दाला अडकलेले तोतरे गुरुजी. हे तोंड वेडंवाकडं करत अ... अ... करायचे आणि लोक पोट धरून हसायचे.

ते गुरुजी म्हणजे माझे वडील, अण्णा. नेवाशाला प्राथमिक शिक्षक होते. कविता शिकवताना, ओव्या म्हणताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही, पण साधं बोलताना शब्द अडायचा. मग समोरचा माणूस घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचा... आणि अण्णा नुसती मान हलवायचे.

ह्यांना मी एकदाच म्हणाले होते, "ती नक्कल नका ना करू." हे म्हणाले, "अगं, मी नाव कुठं घेतो कुणाचं?" मी पुन्हा विषय काढला नाही. अण्णांच्या कानावर जाऊ नये, एवढंच मनात म्हणत राहिले.

आणि आता कार्यक्रम थेट नेवाशात. त्यात पुण्याहून सिनेमाचे एक दिग्दर्शक खास ह्यांना बघायला आलेले... कुणीतरी त्यांच्यापाशी 'गुरुजी'चीच तारीफ केली होती.

कार्यक्रमाआधी शाळेच्या एका वर्गात ह्यांची तयारी चालली होती. मी चहा घेऊन गेले, तर हे बाकावर नुसतेच बसलेले. "आज गुरुजी करत नाही मी," म्हणाले. "अण्णांसमोर नाही जमायचं. राहू दे तो सिनेमा."

तेवढ्यात मागे चाहूल लागली. दारात अण्णा उभे होते, टोपी हातात घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"क... करा," अण्णा म्हणाले. "प... पण तुम्ही चुकीची करता."

तेव्हा त्यांनीच सांगितलं. अण्णांनी ती नक्कल आधीच बघितली होती... गेल्या गणपतीत कोपरगावला येऊन, गर्दीत मागे उभं राहून. आम्हाला न भेटताच एस.टी.ने परत गेले होते.

मग ते ह्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि वर्गात शिकवावं तसं शिकवायला लागले. "'अ'वर मी अडत नाही, वसंतराव. क, प, म यांच्यावर अडतो. आणि तोंड वाकडं होत नाही. शब्द आत उभा असतो, दिसत असतो, प... पण बाहेर येत नाही. त्या वेळी मी लोकांकडे बघत नाही. स्वतःच्या प... पायांकडे बघतो. कोण हसतंय, ते बघायचं नसतं."

हे उठले आणि अण्णांच्या पाया पडले.

संध्याकाळी लोकांनी 'गुरुजी'ची मागणी केलीच. हे उभे राहिले आणि 'माझ्या' या शब्दाला अडले. मागून सवयीचं हसू फुटलं... हे आपले पायांकडे बघत उभे. हसू हळूहळू विरत गेलं. पटांगण इतकं शांत झालं, की माईकची घरघर ऐकू यायला लागली.

शेवटी शब्द सुटला. "माझ्या मुलांनो..." एवढंच. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. अण्णांकडे बघायचा मला धीर झाला नाही.

दिग्दर्शक नंतर ह्यांना म्हणाले, "मी विनोदी नट शोधायला आलो होतो. आता तुम्हाला दुसरंच काम देतो." ते काम होतं पोस्टमनचं. एका म्हातारीच्या दारात तिच्या मुलाच्या मरणाची तार घेऊन आलेला, आणि तोंडातून शब्दच न फुटणारा पोस्टमन... जेमतेम तीन मिनिटं.

त्यानंतर ह्यांनी दहा-बारा सिनेमे केले. नायक कधीच झाले नाहीत. रजा काढून शूटिंगला जायचे आणि परत येऊन काट्यावर बसायचे. नकलाही चालू राहिल्या, पण 'गुरुजी' पुन्हा केली नाही. म्हणायचे, एकदा नीट झाली, पुरे.

तो पहिला पिक्चर नेवाशाला टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागला, तेव्हा मी अण्णांबरोबर गेले होते. बाहेर पडताना ओळखीच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "काय गुरुजी, जावयाचं काम कसं वाटलं? आमाला तर लई आवाडलं बगा."

अण्णा बोलायला गेले आणि अडले. "म... म..." तो माणूस थांबला. त्याच्यामागचे चार-पाच जणही थांबले. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी हसलं नाही... सगळे नुसते उभे राहिले.

"मनापासून केलंय," अण्णा म्हणाले. पूर्ण वाक्य, त्यांचं त्यांनी.

आज ते दोघंही नाहीत. लोकांना हसवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली... पण ज्यांनी एका गावाला थांबून ऐकायला लावलं, ती दोन्ही माझ्याच घरची होती. याहून जास्त काय मागावं?