मामाची भूक, आईचं खूळ

मामी गेल्यावर वर्षाच्या आत मामाने दुसरं लग्न केलं. तेव्हा तो साठीला टेकलेला होता. घरात दोन सुना असताना सगळी भावकी म्हणाली, "गडीमानसाला भाकरी कोन करील?" मीही राहुरीहून जाऊन पंगतीत जेवून आले. नवी मामी माझ्याहून लहान होती. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढे माझ्या आईने लग्न ठरवलं. ती श्रीरामपूरच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, आणि पप्पांना जाऊन बरीच वर्षं झालेली. चर्चच्या गायनमंडळातल्या एका विधुर मास्तरांशी तिचं जुळलं होतं. मला आनंद झाला. मामा मात्र तिसगावहून पहिल्या एसटीने आईकडे आला; मीही तिथेच होते.

"अक्का, लोक तोंडात शेन घालतील. हे काय वय हाय का?"

"तुझं होतं?"

"माझं येगळं. गडीमानसाला गरज आसती."

हे बोलताना तो चहाच्या कपात बघत होता.

"मलाही असते," आई म्हणाली. "भाकरी मला येते. मला शेजारी झोपणारं माणूस पाहिजे."

मामाने मला बाहेर जायला सांगितलं. मी चाळिशीची, दोन मुलांची आई! लग्नाच्या पंगतीत चावट किस्से चघळणाऱ्या या माणसाला बहिणीच्या एका सरळ वाक्याने घाम फुटला. आमच्याकडे बाईला विशीत इच्छा झाली की ती चवचाल, चाळिशीत झाली की पोरांची आठवण करून द्यायची, आणि साठीत झाली की डोक्यावर परिणाम. पुरुषाला मरेपर्यंत नुसती भूक लागते, बिचाऱ्याला.

मी जागची हलले नाही. मग मामा हळूच म्हणाला, "नगरला डोक्याचे डॉक्टर हायेत. एकदा दाखवून घेऊ."

"चल," आई म्हणाली. "आधी तुझा नंबर लाव."

तो जेवायला न बसताच निघून गेला.

आईचं लग्न चर्चमध्ये साधेपणाने झालं. मामा आला नाही. नवी मामी मात्र एकटीच आली, आईसाठी साडी घेऊन. ताटं वाढताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुमच्या आईंनी सोताच्या मनानं केलं. मला तर कुनी इचारलंच न्हाई. भावानं ठरवलं, मी उभी राह्यले."

मी तिच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं आणि तिला आधी जेवायला बसवलं.

मामा अजून रुसलेला आहे. सोयऱ्यांमध्ये सांगत फिरतो की अक्काला खूळ लागलंय. आई आणि मास्तर रोज सकाळी गाण्याच्या सुरावरून भांडतात.