गोदूची जट

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, देवीपुढे हात जोडून उभी असतानाही नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्ही परके, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही काही नाही. तर आधी केसांचंच सांगते.

केस गुळगुळीत दिसतो, पण तसा नसतो. एक लांब केस घ्या, मुळाकडून टोकाकडे चिमूट ओढा — सुळकन जाते. आता उलट ओढा. अडते ना? केसाच्या अंगावर बारीक खवले असतात, घरावरच्या कवेलूंसारखे एकावर एक चढवलेले, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. ते मिटून बसलेले असले की केस चमकतो, दुसऱ्या केसावरून घसरतो. ते उभे राहिले की केस केसाला धरून ठेवतो. हे मला नंतर कळलं. पण खाराने केस राठ होतात हे आधीपासून ठाऊक होतं, आणि मला तेवढं पुरलं.

गोदू माझी धाकटी नणंद. अमरावतीत आमच्या आळीत तिच्यासारखे केस कोणाचे नव्हते. माझे पहिल्या बाळंतपणात गळाले. मग सासूबाईंनी गोदूच्या फणीत निघालेले केस जमवून मला गंगावन करून दिलं, म्हणजे अंबाडा जरा भरलेला दिसावा. त्यांनी मायेनंच दिलं. पण हळदीकुंकवाला बायका जमल्या की गोदू माझ्या अंबाड्याला हात लावून म्हणायची, "वयनी, माह्ये केस सांभाळजा बरं!" बायका हसायच्या. मीही हसायची. पोरीची थट्टा ती, राग धरावा असं त्यात काय होतं? मी धरला.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता. लग्नंही तशीच थाटात व्हायला लागली. गोदूला बाळापूरचं स्थळ आलं. कापसावर वर आलेलं घर, मुलगा देखणा. तो तिला आवडला होता — हे तिनं मला सांगितलं होतं, फक्त मला. लग्नाचे पापड झाले आणि पापडखार उरला.

तिला न्हाऊ घालणं माझ्याकडे होतं. शिकेकाईच्या पाण्यात मी तो खार कालवला. एकदा नव्हे, दर न्हाणाला. तेल लावायचं टाळलं. ओले केस जाड्याभरड्या पंच्याने खालून वर, उलटे चोळले. मला काय हवं होतं? केस थोडे राठ व्हावेत, बोहल्यावर चार बायकांनी नाक मुरडावं — एवढंच. एवढंच होतं का? आता नक्की सांगता येत नाही.

मग एक दिवस मानेपाशी फणी शिरेना. मूठभर केसांचा घट्ट गोळा झाला होता. सासूबाईंनी तो पाहिला आणि मला वाटलं, पकडले गेले. पण त्यांनी हात जोडले. "देवी आली वो पोरीच्या डोक्यात!" जट आली म्हणजे ती देवीची. तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. आणि जिच्या डोक्यात जट, ती पोरगीही देवीचीच — तिचं लग्न करायचं नसतं. बायका ओट्या घेऊन आल्या. बाळापूरला निरोप गेला.

तो गुंता होता. तेल घालून दोन दुपारी बसले असते तर सुटला असता. मी फक्त तोंड उघडायचं होतं.

माझे यजमान एका गोऱ्या कापूस-व्यापाऱ्याकडे कारकून होते. कापसाचा धागा तपासायला त्या साहेबाकडे भिंगाचं पितळी यंत्र होतं. साहेब अकोल्याला गेला तेव्हा यांनी ते मला दाखवायला घरी आणलं. आधी कापूस दाखवला, मग गंमत म्हणून माझ्या गंगावनातला केस. ते कवेलू मी तेव्हा पाहिले, अगदी नीट बसलेले. मग गोदूच्या उशीवरचा केस ठेवला. कवेलू उभे राहिलेले, कित्येक तुटून गेलेले, आतला गाभा पिंजल्यासारखा उघडा. तिचाच आधीचा केस, तिचाच आताचा. यांनी दोन्ही केस पुन्हा आळीपाळीने भिंगाखाली ठेवून पाहिले. खाराच्या पाण्यात लोकर चोळली की अशीच एकमेकीत अडकते, हे त्यांनी साहेबाकडून ऐकलेलं होतं.

"काय लावत होतीस तू तिच्या डोक्याले?"

"शिकेकाई," मी म्हटलं. "अन् देवीची परीक्षा घेऊन राह्यले का तुमी आता?"

ते घाबरले. देवाला भिणारा माणूस. यंत्र पुसून परत नेलं, पुन्हा विषय काढला नाही. बाळापूरच्या मुलाचं तेव्हा अजून दुसरीकडे जमलेलं नव्हतं.

एकदा गोदू स्वतः आली. घरात आम्ही दोघीच होतो. "वयनी, मान लय दुखते. कापून देता का थोडी? मायले नका सांगू." कात्री कोनाड्यातच होती. मी म्हटलं, "देवी कोपंन." भीती देवीची नव्हती. कापलेली जट हातात घेऊन कोणी नीट निरखली असती तर — भीती त्याची होती. आणि खरं सांगायचं तर, गोदू आता थट्टा करत नसे, आणि मला ते बरं वाटत होतं.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. जट तिच्या कमरेखाली पोचली आहे. तिच्या ओझ्याने मान वाकडी झाली, एका कुशीवरच निजते ती. शुक्रवारी आळीतल्या बाया तिच्या पाया पडतात. सगळ्यांत शेवटी मी जाते. मी वाकते. ती माझ्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "वयनी, तुमी होत्या म्हून निभलं माह्यं."

मी ते ऐकून घेते.