दहापैकी दोन

खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी सोडताना नर्सने बजावलं होतं की पाय बधिर आहे तोवरच साध्या गोळ्या सुरू करायच्या, दुखायची वाट बघत बसायचं नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. माझी शेजारीण अर्डिस आपल्या सोफ्यावर इतकी शांत झोपली होती की म्हटलं, न दुखणाऱ्या बाईला उठवून गोळी कशाला द्या. संध्याकाळी विचारलं, दहापैकी किती दुखतंय? ती म्हणाली, असेल दोन. मी गोळ्या परत डबीत टाकल्या.

मिनेसोटातल्या आमच्या खाणपट्ट्यात 'दोन'चा अर्थ काय, हे इथेच वाढलेल्या मला कळायला हवं होतं. इथे घराचं छप्पर उडालं तरी माणूस 'तसं बरं आहे, जरा हवा येते' म्हणतो. अर्डिसचे वडील दोन बोटं खाणीत ठेवून घरी आले, तेव्हा आधी जेवले आणि मग बायकोला सांगितलं.

अर्डिस गावच्या हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवते. त्याआधी ती मुलांच्या संघात गोल राखायची. गुडघे आत दुमडून खाली बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. त्यात खुब्याचा सांधा घासून गेला. लहानपणी मलाही गोल राखायला तिनेच शिकवलं. मी राखला नाही, तो भाग वेगळा.

दुर्बिणीतून खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला भीती चाकूची नव्हती, गोळ्यांची होती. पूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी दिलेल्या कडक गोळ्या तिला दोन वर्षं सुटल्या नाहीत. त्यात नवरा सोडून गेला, घर गेलं. ती त्यातून कशी बाहेर आली हे ती सांगत नाही आणि गावात कोणी विचारत नाही. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जांघेजवळच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं ठरवलं. त्याचा असर सकाळपर्यंत टिकेल, पुढे साध्या गोळ्या आणि बर्फ. तरीही 'लागल्याच तर' म्हणून कडक गोळ्यांची एक छोटी बाटली मिळालीच. ती अर्डिसने माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे. मी मागितली तरी देऊ नकोस."

मी ती माझ्या पिकअप ट्रकच्या पुढच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवली.

सकाळी ती कुबड्या घेऊन कॉफी करत होती. बोलता बोलता गप्प झाली आणि खुर्चीत बसून कपाळ टेबलावर टेकलं. बधिरपणा जाताना सांगून जात नाही. मी साध्या गोळ्या दिल्या, पण ते वरातीमागून घोडं होतं. किती दुखतंय विचारलं, तर म्हणे दोन, फार तर तीन. घाम टेबलावर टपकत होता.

बराच वेळ गेला. मग डोकं न उचलता ती म्हणाली, "बाटली आण."

मी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. इतक्या सावकाश मी आयुष्यात बांधल्या नव्हत्या.

"देऊ नकोस म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. आता आण म्हणतेय."

"आणतो. आधी खरा आकडा सांग."

तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"नऊ," ती म्हणाली. "नऊ आहे रे पोरा. कंटाळले मी आता."

मी कप्प्याची किल्ली खिशात टाकली आणि फोन उचलला. नर्सने नाव ऐकलं, आकडा ऐकला आणि दोनदा विचारलं, "अर्डिस स्वतः नऊ म्हणाली?" मग म्हणाली, "लगेच घेऊन ये."

ट्रकमध्ये ती बाटली सबंध रस्ताभर अर्डिसच्या गुडघ्यांसमोरच्या कप्प्यात होती. तिला ते ठाऊक होतं. ती खिडकीबाहेर बर्फाचे ढीग बघत राहिली, आणि मी खड्डे चुकवत राहिलो.

डॉक्टरांनी आधी पाय तपासला, दुसरं काही बिघडलेलं नाही याची खात्री केली आणि पुन्हा बधिर करणारी सुई दिली. हळूहळू तिचे खांदे खाली आले. पायाचा ओंडका झाला.

"आता किती?" मी विचारलं.

"दोन." मी बघतच राहिलो, तेव्हा वैतागून म्हणाली, "अरे खरंच दोन."

बाटली मी ट्रकमधून आणून तिच्यादेखत तिथल्याच औषधं परत घ्यायच्या पेटीत टाकली. ती झाकण पडल्याचा आवाज येईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर साध्या गोळ्या मी घड्याळ लावून दिल्या. ती झोपेतून उठून शिव्या देत घ्यायची.

आता ती पुन्हा गाडीवर बसते, जरा वाकडी, पण बसते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने माझ्यासाठी बटाटा-खिम्याचं मोठं काचेचं भांडं भरून ठेवलं होतं, शुश्रूषेची आगाऊ मजुरी म्हणून. शुश्रूषा कशी झाली ते वर आलंच आहे; जेवण मात्र मी चाटूनपुसून संपवलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि मला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नाही. मैदानात काचेपलीकडून गाडी नेताना ती माझ्याकडे बघून हातांनी भांड्याचा आकार करून दाखवते. भांडं अजून माझ्या फ्रिजवर आहे.